चुंबकाचा पिंजरा

गिरगावातील एखाद्या चाळीच्या चौकात भोवऱ्याचा डाव मांडला की पोरांचे डोळे भोवऱ्याच्या आरीवर खिळतात. जाळी झटक्यात ओढली जाते, भोवरा जमिनीवर उतरतो आणि एका जागी असा स्थिर फिरू लागतो, की जणू तो झोपीच गेला आहे. वेग भरपूर असेतोवर तो ताठ उभा असतो. वेग मंदावू लागला की त्याचे डोके हळूहळू डुलू लागते. पहिले डुलणे अगदी बारीक असते. सरावलेल्या डोळ्यालाच ते दिसते. पुढे ते वाढत जाते आणि अखेरीस भोवरा आडवा होऊन घरंगळत जातो.

भोवऱ्याच्या या खेळाची आठवण करून देणारा एक मोठा खेळ आज जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. तेथे फिरणारी वस्तू लाकडाची नसून प्रत्यक्ष अग्नीची असते. हा अग्नी सूर्याच्या गाभ्याहूनही तप्त असतो, आणि त्याचे डुलणे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ओळखून सावरावे लागते. ते सावरले नाही, तर अग्नी विझतो आणि ज्या भांड्यात तो ठेवलेला असतो त्या भांड्यालाही इजा होते.

हा अग्नी पेटविण्याचा खटाटोप कशासाठी? सूर्याच्या पोटात हायड्रोजनच्या अणूंची केंद्रे एकमेकांवर आदळून एकजीव होतात आणि त्यांतून हेलियम तयार होतो. या क्रियेला संमीलन म्हणतात. संमीलनाच्या वेळी प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. त्याच ऊर्जेवर सूर्य तळपतो आणि पृथ्वीवरचे सारे जीवन चालते. हायड्रोजनचे ड्युटेरियम आणि ट्रिटियम असे दोन जड भाऊबंद आहेत. त्यांचे केवळ एक ग्रॅम मिश्रण पुरतेपणी एकजीव झाले, तर सुमारे आठ टन खनिज तेल जाळल्याइतकी ऊर्जा मिळते. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे. ट्रिटियम लिथियम या धातूपासून तयार करता येते. या ऊर्जेच्या निर्मितीत धूर निघत नाही. एवढी मोठी शक्ती माणसाच्या हाती आली, तर गावोगावी दिवे लागतील आणि कोळशाच्या खाणी रित्या झाल्या तरी चिंता उरणार नाही.

ही आशा साऱ्या जगापुढे ठामपणे मांडणाऱ्यांत मुंबईचे एक सुपुत्र अग्रभागी होते. त्यांचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा. त्यांचा जन्म १९०९ साली मुंबईत झाला आणि शिक्षणाचा आरंभही येथेच झाला. १९५५ च्या ऑगस्ट महिन्यात जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदी डॉ. भाभांची निवड झाली. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळविण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी आपल्या भाषणात केले. त्या काळी या विषयावरील संशोधन अनेक देशांत गुप्तपणे चालत असे. भाभांच्या या उद्गारांमुळे तो विषय उघड चर्चेत आला.

भाभांनी वर्तविलेली दोन दशके १९७५ साली संपली. त्यानंतरही अनेक वर्षे उलटली. संमीलनाच्या विजेवर चालणारा दिवा अद्याप कोणत्याही घरात लागलेला नाही. इतक्या थोर शास्त्रज्ञाचा अंदाज चुकला कसा? याचे एक मोठे कारण म्हणजे त्या अग्नीचे डुलणे.

पदार्थ अतिशय तापविला की त्याच्या अणूंची फाटाफूट होते. अणूतील ऋणभारित इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धनभारित केंद्रे उघडी पडतात. अशा विद्युत्भारित कणांच्या तप्त समुदायाला प्लाझ्मा किंवा आयनद्रायू असे म्हणतात. आकाशात लखलखणारी वीज हाही प्लाझ्माच. पृथ्वीवर संमीलन घडवून आणण्यासाठी हा प्लाझ्मा दहा कोटी अंशांहून अधिक तापवावा लागतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. पण तेथे सूर्याच्या अफाट वजनाचा दाब साह्याला असतो. माणसापाशी तो दाब नाही, म्हणून त्याला अधिक तापमानाची कास धरावी लागते.

दहा कोटी अंशांचा अग्नी कोणत्या भांड्यात ठेवायचा? लोखंड दीड हजार अंशांच्या सुमारास वितळते. भांड्याला प्लाझ्माचा स्पर्श झाला, तर भांडे तर खराब होतेच, शिवाय प्लाझ्मा क्षणात थंड पडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी अदृश्य भिंतींचे भांडे शोधून काढले. विद्युत्भारित कण चुंबकीय क्षेत्रात सरळ जाऊ शकत नाहीत; ते चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत त्या रेषांच्याच वाटेने पुढे सरकतात. रेषांची टोके एकमेकांना जोडून बांगडीसारखे वर्तुळ केले, तर कणांना बाहेर पडायला टोकच उरत नाही. अशा बांगडीच्या आकाराच्या पोकळ यंत्राला टोकामॅक म्हणतात. हे नाव रशियन भाषेतील आहे. १९५० नंतर सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या यंत्राची कल्पना विकसित केली आणि १९६८ च्या सुमारास तिचे यश साऱ्या जगाला मान्य झाले.

तथापि नुसत्या वर्तुळाकार रेषा पुरत नाहीत. त्यांना पीळ द्यावा लागतो. लालबाग-परळच्या सूतगिरण्यांत काम केलेल्या कोणाही कामगाराला पिळाचे महत्त्व सांगावे लागत नसे. कापसाचे तंतू नुसते शेजारी शेजारी ठेवले तर ते हलक्या ओढीनेही सुटून येतात. चातीवर त्यांना पीळ बसला की त्यांचेच बळकट सूत होते. टोकामॅकमध्ये प्लाझ्मातून मोठा विद्युत्प्रवाह सोडला जातो. त्या प्रवाहाच्या चुंबकत्वामुळे बांगडीतील रेषांना पीळ बसतो आणि पिंजरा घट्ट होतो.

परंतु पीळ प्रमाणाबाहेर गेला तर काय होते, हेही गिरणीतला माणूस जाणत असे. अति पिळलेले सूत थोडे सैल सोडताच आपल्याच अंगावर वळते आणि त्याला गाठी पडतात. प्लाझ्माचेही नेमके तसेच होते. त्यातील प्रवाह मर्यादेपलीकडे वाढला की प्लाझ्माची बांगडी मळसूत्रासारखी वाकडी होऊ लागते आणि भिंतीकडे झेपावते. प्लाझ्माचा दाब फार वाढला तरी अशीच आपत्ती ओढवते.

दुसऱ्या प्रकारचे अस्थैर्य याहून छुपे असते. टोकामॅकमधील चुंबकीय रेषा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक थरांनी रचलेल्या असतात. आतला थर सर्वांत तप्त, तर बाहेरचा त्या मानाने थंड. कधी कधी मधल्या एखाद्या थरातील रेषा तुटतात, शेजारच्या रेषांशी नव्याने जुळतात आणि तेथे एक स्वतंत्र वेटोळे तयार होते. शास्त्रज्ञ त्याला चुंबकीय बेट म्हणतात. कांद्याचे पापुद्रे जेथे फाटले तेथून आतला रस बाहेर यावा, तशी या बेटाच्या वाटेने आतली उष्णता बाहेर निसटते. बेट लहान असेतोवर निभावते. ते वाढले, किंवा दोन बेटे एकमेकांना भिडली, की साऱ्या पिंजऱ्याची वीण उसवते.

असे काही घडू लागले आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळणार कसे? प्लाझ्माच्या पोटात तापमापक घालता येत नाही. चुंबकत्व मात्र दुरूनही जाणवते. चुंबकत्वातील बारीक बदल टिपण्याची ही विद्या मुंबईला जुन्या काळापासून परिचित आहे.

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे १८२६ साली एक वेधशाळा उभी राहिली. १८४१ साली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, नामवंत गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तरुणपणी तेथे काम केले. त्या काळी टांगलेल्या चुंबकाकडे पाहून निरीक्षक दर तासाला आकडा लिहून ठेवीत. चुंबक अस्वस्थ झालेला दिसला, तर दर काही मिनिटांनी नोंद घेत. दिवस असो वा रात्र, पाऊस असो वा ऊन, नोंदवही कोरी राहत नसे.

या चिकाटीचे फळ १८५९ साली मिळाले. त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी सूर्यावर मोठा भडका उडालेला इंग्लंडमधील एका निरीक्षकाने पाहिला. सूर्याने फेकलेला प्लाझ्मा एका दिवसाच्या आत पृथ्वीवर येऊन थडकला. २ सप्टेंबर रोजी कुलाब्याचा चुंबक विलक्षण डळमळला. पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलात शंभरात सुमारे चार भाग एवढी घट झाली. त्या भयंकर चुंबकीय वादळाची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात.

पुढे या वेधशाळेवर एक निराळेच संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या. त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या रुळांतून परत जाणारी वीज थोडीफार जमिनीत पाझरते आणि जवळच्या चुंबकाला हलविते. मग सुई हलली ती सूर्यामुळे की ट्राममुळे, हे कोण सांगणार? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी वेळीच उपाय योजला. खाडीपलीकडे अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली आणि १९०४ साली तिचे काम सुरू झाले. जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवून घेता यावेत, म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर अलिबागची सुई शांतपणे आपले काम करीत होती. ती ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची मोजणी मात्र त्यानंतरही चालूच राहिली.

मापनाचा पहिला धडा कुलाब्याने असा शिकविला : मोजायच्या बदलाइतकेच बाहेरच्या गोंगाटाकडेही लक्ष द्यावे लागते. टोकामॅकपाशी हा गोंगाट फार मोठा असतो, कारण पिंजरा तयार करणारे चुंबक अतिशय बलवान असतात. त्यांच्या सान्निध्यात प्लाझ्माची हलकीशी कुरकुर ऐकायची असते. येथे टांगती सुई उपयोगी पडत नाही. ती फार मंद असते. म्हणून यंत्राच्या आतील भिंतीलगत तांब्याच्या तारेची लहान लहान वेटोळी ठेवतात. वेटोळ्यातून जाणारे चुंबकत्व बदलले की तारेत वीज उत्पन्न होते, हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढला. बदल जितका जलद, तितकी वीज अधिक. अशा वेटोळ्यांना मिर्नोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे.

एका वेटोळ्याने मात्र भागत नाही. गणेशविसर्जनाच्या दिवशी लालबागच्या रस्त्यावरून ढोल-ताशांची मिरवणूक निघाली आहे आणि रस्त्यालगतच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत दहा मुले निरनिराळ्या ठिकाणी डोळे मिटून बसली आहेत, असे समजा. ढोलाचा आवाज आपल्यासमोर सर्वांत मोठा कधी झाला, एवढेच प्रत्येकाने घड्याळ लावून लिहून ठेवायचे. नंतर दहांचे कागद एकत्र ठेवले, तर मिरवणूक कोणत्या दिशेने गेली, किती वेगाने गेली आणि तिच्यात ढोलांची पथके किती होती, हे मिरवणूक न पाहताही सांगता येईल. टोकामॅकभोवती डझनावारी वेटोळी अशीच रांगेने बसविलेली असतात. प्लाझ्मा बांगडीच्या वर्तुळातून गोल फिरत असतो आणि त्यातील चुंबकीय बेटेही त्याच्याबरोबर फिरतात. एकेक बेट एकेका वेटोळ्यासमोरून जाते, तसतसे प्रत्येक वेटोळ्यात विजेचे हेलकावे उठतात. ते हेलकावे पुष्कळदा एका सेकंदात हजारो असतात. सर्व वेटोळ्यांच्या नोंदी जुळविल्या की बेटांची संख्या, आकार आणि वेग कळतो.

फिरण्याचा उपयोग येथेच संपत नाही. फिरण्यामुळे प्लाझ्माचे रक्षणही होते. ते कसे, हे एका साध्या प्रयोगाने समजते. तांबाकाट्याच्या बाजारातून आणलेली तांब्याची एक जाड नळी उभी धरावी आणि तिच्यातून एक बलवान लहान चुंबक खाली सोडावा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. तरीही चुंबक दगडासारखा धाडकन न पडता, जणू मधात बुडाल्यासारखा सावकाश उतरतो. हलत्या चुंबकामुळे नळीच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरे चुंबकाला विरोध करतात. चुंबक हलायचा थांबला तर भोवरे विरतात आणि विरोधही नाहीसा होतो.

टोकामॅकची धातूची भिंत अशीच वागते. प्लाझ्माचा एखादा भाग वाकडा झाला आणि तो वाकडेपणा भिंतीसमोरून वेगाने फिरत राहिला, तर भिंतीत विजेचे भोवरे उठतात आणि ते त्या भागाला मागे रेटतात. भिंतच राखणदार होते. परंतु तीच भिंत फिरण्याला अडथळाही करते, जसा नळीने चुंबकाला केला. वाकडेपणा जितका मोठा, तितका अडथळा मोठा. अडथळ्याने वेग कमी होतो, वेग कमी झाला की भिंतीचे संरक्षण कमी होते, आणि संरक्षण कमी झाले की वाकडेपणा आणखी वाढतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की अखेरीस बेट फिरायचे थांबते आणि भिंतीसमोर एकाच जागी अडकून बसते.

त्या क्षणी एक चमत्कारिक गोष्ट घडते. बेट स्थिर झाल्यामुळे वेटोळ्यांतील हेलकावे बंद पडतात. अननुभवी माणसाला वाटावे, की वादळ शमले. वास्तविक ती शांतता हीच धोक्याची घंटा असते. फार दंगा करणारी मुले एकाएकी गप्प झाली की आई धावत जाऊन पाहते, तसे शास्त्रज्ञांना सावध व्हावे लागते. म्हणून स्थिर चुंबकत्वही ओळखता यावे, यासाठी भिंतीवर मोठ्या आकाराची निराळी वेटोळी बसविलेली असतात.

अडकलेले बेट वेगाने वाढते आणि पुष्कळदा थोड्याच अवधीत सारा प्लाझ्मा कोसळतो. या घटनेत सेकंदाच्या हजाराव्या काही भागांत सर्व उष्णता भिंतीवर ओतली जाते. विद्युत्प्रवाहही एकाएकी खंडित होतो आणि यंत्राच्या सांगाड्यावर फार मोठे बल येते. मोठ्यात मोठ्या टोकामॅकमध्येही एका वेळी एक ग्रॅमसुद्धा प्लाझ्मा नसतो. म्हणून आसपासच्या वस्तीला स्फोटाचे भय नाही. पण वर्षानुवर्षे कष्टाने उभारलेले यंत्र मात्र दुखावते.

आता प्रश्न राहिला तो सावरण्याचा. तळहातावर काठी उभी तोलून धरणारा मुलगा काठीच्या शेंड्यावर नजर ठेवतो आणि शेंडा ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हात नेतो. नजर, मन आणि हात यांचा वेग काठीच्या पडण्याहून जास्त असला तरच काठी टिकते. प्लाझ्मा सावरण्याची पहिली रीत हीच आहे. वेटोळी ही नजर, गणकयंत्र हे मन आणि भिंतीजवळचे जादा विद्युत्चुंबक हे हात. वाकडेपणा दिसताच गणकयंत्र विद्युत्चुंबकांत नेमका विरुद्ध प्रवाह सोडते. भिंत नसती तर काही अस्थैर्ये सेकंदाच्या लक्षांश-दशलक्षांश भागात वाढली असती; भिंतीमुळे ती हजारपटीने मंदावतात आणि यंत्राला विचार करण्यापुरता अवसर मिळतो.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डीथ्री-डी नावाचा टोकामॅक आहे. तेथे एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. मोठे चुंबक बसविताना केसभर चूक राहिली तरी चुंबकीय क्षेत्र किंचित असमान होते. प्लाझ्मा अस्थैर्याच्या काठावर असला की तो ही असमानता स्वतःच मोठी करतो आणि तिचाच लगाम त्याच्या फिरण्याला बसतो. जादा विद्युत्चुंबकांनी ती बारीक चूक दुरुस्त करताच प्लाझ्माचा वेग टिकून राहिला आणि पूर्वी अशक्य वाटलेला दाब त्याला सोसता आला. मोठ्या यंत्राचे यश अशा केसभर चुकांवर अवलंबून असते.

दुसरी रीत म्हणजे प्लाझ्माला मुद्दाम फिरविणे. वेगवान अणूंचा झोत तिरपा सोडला की तो भोवऱ्याच्या जाळीचे काम करतो. तिसरी रीत बेटावरच नेम धरण्याची. सूक्ष्मलहरींचा बारीक किरण नेमका बेटाच्या मध्यावर पाडतात. तेथे जो थोडा प्रवाह उत्पन्न होतो तो बेटाला आतून भरून काढतो आणि बेट आक्रसते. एवढे करूनही काही साधले नाही, तर शेवटचा उपाय म्हणून गोठविलेल्या वायूच्या गोळीचे तुकडे प्लाझ्मात मारतात आणि त्याची उष्णता सर्व बाजूंना सारखी विखुरून त्याला हळुवारपणे विझवितात.

या कामात भारतानेही आपला वाटा उचलला आहे. गुजरातमध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तेथे १९८९ साली ‘आदित्य’ हा भारतातच बांधलेला पहिला टोकामॅक सुरू झाला. सूर्याच्या कार्यासाठी सूर्याचेच नाव! आदित्यवर करण्यात आलेला एक प्रयोग विशेष मनोरंजक आहे. शास्त्रज्ञांनी यंत्रात जादा हायड्रोजन वायू सोडून प्लाझ्मा मुद्दाम कोसळेल अशी परिस्थिती निर्माण केली. नंतर प्लाझ्माच्या कडेशी एक लहान विद्युत्-अग्र ठेवून त्याला योग्य वेळी धन विद्युत्दाब दिला. त्यामुळे कडेच्या प्लाझ्माच्या फिरण्यात फरक पडला, चुंबकीय बेटांची वाढ खुंटली आणि कोसळू पाहणारा प्लाझ्मा तगला. पडू लागलेला भोवरा बोटाच्या हलक्या धक्क्याने पुन्हा उभा राहावा, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

फ्रान्समध्ये कादाराश येथे अनेक राष्ट्रे मिळून ‘इटर’ नावाचा विशाल टोकामॅक उभारीत आहेत. त्यातील प्लाझ्मातून दीड कोटी अँपिअर प्रवाह नेण्याचा संकल्प आहे. या यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे ३० मीटर उंचीचे आणि ३,८०० टनांहून जड असे पोलादी निर्वातपात्र भारताने पुरविले. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्य कचेरी असलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने त्याचे भाग गुजरातमधील हाजिरा येथे तयार केले. त्याचा तळभाग २०२० साली जागेवर बसविण्यात आला. इटरचा प्लाझ्मा आकाराने मोठा असल्यामुळे त्याला वेगाने फिरविणे अवघड आहे. भोवरा मंद फिरणार, म्हणून त्याला सावरणारे हात अधिक लागणार. यासाठी त्याच्या पात्राच्या आत २७ विद्युत्चुंबक बसविण्याची योजना आहे.

प्रगती होत आहे, पण ती पावलापावलाने. इंग्लंडमधील ‘जेट’ या टोकामॅकने २०२३ साली सुमारे पाच सेकंदांच्या एका प्रयोगात ६९ दशलक्ष जूल ऊर्जा निर्माण केली. फ्रान्समधील ‘वेस्ट’ या टोकामॅकने २०२५ साली प्लाझ्मा २२ मिनिटांहून अधिक काळ टिकवून धरला. पूर्वी जो प्लाझ्मा पापणी लवते न लवते तोच विझत असे, तो आता शाळेच्या अर्ध्या तासिकेहून अधिक काळ तग धरू लागला आहे.

मग डॉ. भाभांचे भाकीत चुकले, असेच म्हणायचे का? कालावधीच्या दृष्टीने ते चुकले, यात शंका नाही. निसर्ग कोणाचेही वेळापत्रक पाळीत नाही. परंतु ज्या वाटेकडे त्यांनी बोट दाखविले त्या वाटेवर आज अनेक देश एकत्र चालत आहेत. वाट किती लांब आहे, हे चालल्यावाचून कळत नाही.

कुलाब्याच्या वेधशाळेत दिव्याच्या उजेडात चुंबकाची हालचाल टिपणाऱ्या निरीक्षकांना आपल्या आकड्यांचा पुढे काय उपयोग होणार, हे ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी एकही तास वाया जाऊ दिला नाही. संमीलनाच्या यंत्रापाशी बसलेले शास्त्रज्ञ आज तेच व्रत पाळीत आहेत. आधी बारकाईने पाहायचे, पाहिलेले प्रामाणिकपणे मोजायचे, आणि मग मोजलेल्याच्या आधारे हात पुढे करायचा. भोवऱ्याचे पहिले डुलणे ज्याच्या नजरेला पडते, त्यालाच तो पडण्याआधी सावरता येतो.

स्वाध्याय

१. प्लाझ्मा धातूच्या भांड्यात का ठेवता येत नाही?
२. सुताचा पीळ आणि टोकामॅकमधील चुंबकीय रेषांचा पीळ यांत कोणते साम्य आहे?
३. कुलाब्याची चुंबकीय मोजणी अलिबागला का हलवावी लागली? दोन्ही ठिकाणी काही काळ एकदम मोजणी का केली?
४. वेटोळ्यांतील हेलकावे एकाएकी थांबणे हे धोक्याचे चिन्ह का समजतात?
५. टोकामॅकची भिंत प्लाझ्माची राखणदार कशी होते आणि त्याला अडथळा कशी करते, ते तांब्याच्या नळीच्या प्रयोगाच्या आधारे सांगा.
६. ‘निसर्ग कोणाचेही वेळापत्रक पाळीत नाही,’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.